घाणेरी काढलीस. मग?

सिनॉप्सिसच्या, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्याच्या, सादरीकरणातली सातवी स्लाइड माझी लाडकी होती. विषय होता घाणेरी, म्हणजे लँटाना, बाहेरून येऊन आपली जंगलं व्यापणारं झुडूप. घाणेरी काढायच्या तीन पद्धती, त्यांचे तीन रंगीत स्तंभ आणि खाली ठळक अक्षरांत उद्दिष्ट : 'सर्वांत परिणामकारक पद्धत ठरवणे'. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी ती स्लाइड बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "घाणेरी काढलीस. मग?"

"मग जंगल मोकळं होईल."

"मोकळं म्हणजे? तिथे काय उगवणार?"

मला सांगता येईना. त्या एका 'मग'पायी माझा आराखडा चार महिने लांबला. तेव्हा रडू आलं होतं. पण प्रबंध तरला तो त्याच चार महिन्यांमुळे. जंगलातल्या आक्रमक वनस्पतींवर एमएस्सी किंवा पीएचडीचं काम सुरू करणारी मुलं भेटतात, तेव्हा त्यांच्याही आराखड्यात मला ती सातवी स्लाइड दिसते. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पहिली गोष्ट प्रश्नाची. झुडूप मारणं हे काही संशोधन नव्हे. कुदळ आणि पुरेसे हात असले की कितीही दाट जाळी आडवी होते. त्या उघड्या पडलेल्या जमिनीवर पुढे कोण येऊन बसतं, हे सांगणं अवघड. तेव्हा 'कोणती पद्धत चांगली' असा प्रश्न लिहू नका. 'अमुक पद्धतीने काढल्यावर दोन पावसाळ्यांनी या जमिनीवर कोणाची रोपं असतील, आणि त्यासाठी किती माणसांचे किती तास गेले असतील' असा लिहा. हा प्रश्न लांबलचक दिसतो, पण त्यातून काय मोजायचं, कधी मोजायचं आणि किती काळ मोजायचं, ही तिन्ही उत्तरं आपोआप निघतात.

त्यानंतर लगेच पद्धती लिहायला बसू नका. आधी आठवडाभर नुसतं खणा. हे मी चेष्टेने म्हणत नाही. ज्या वनस्पतीशी भांडायचं तिचा जीव नेमका कुठे आहे हे हाताला कळल्याशिवाय कागदावरची पद्धत खोटी असते. माझी पहिली चाचणी अशीच वाया गेली. उन्हाळ्यात कोयत्याने घोट्याच्या उंचीवर घाणेरी कापली, फोटो काढले, वहीत 'आच्छादन शून्य टक्के' असं लिहिलं आणि खूश होऊन परतले. पाऊस पडून गेल्यावर पाहिलं तर एका खुंटातून अकरा धुमारे वर आले होते. पूर्वी जिथे एक झुडूप होतं तिथे आता एक झुपका होता. मी घाणेरी कापली नव्हती, छाटणी केली होती.

आमच्याबरोबर कामाला येणारे एक वयस्कर मामा होते. त्यांनी माझं तोंड पाहिलं, काही बोलले नाहीत. खाली बसले, खुंटाभोवतीची माती बोटांनी उकरली आणि खोड संपून मूळ सुरू होतं तिथली जाड गाठ दाखवली. "पोरी, हिचं घर इथं आहे. वरचं नुसतं अंगण." नंतर वाचताना कळलं की मामांनी जे बोटाने दाखवलं त्यावरच दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेटच्या जंगलात काम करून एक पद्धत बसवली आहे. घाणेरीचे नवे फुटवे प्रामुख्याने खोड आणि मूळ यांच्यामधल्या त्या पट्ट्यातून येतात. म्हणून मुख्य मूळ जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर, म्हणजे त्या पट्ट्याच्या खाली तोडायचं, झुडूप उचलायचं आणि उलटं, मुळं आकाशाकडे करून ठेवायचं. उलटं कशासाठी? कारण ओल्या मातीला टेकलेली फांदी पुन्हा मूळ धरते. या पद्धतीचा मोठा फायदा हा की सबंध झुडूप उपटायला जितकी जमीन उकरावी लागते, तितकी इथे उकरावी लागत नाही. उकरलेली जमीन म्हणजे पुढच्या तणाला आमंत्रणच.

पण हे घाणेरीचं झालं. दुसऱ्या वनस्पतीचं घर दुसरीकडे असतं. गाजर गवत वर्षभराच्या आतच जगून संपणारं, त्याचा सगळा जीव बियांत. फुलोऱ्याआधी काढलं तर काम झालं, बी पडल्यावर काढलं तर नुसता व्यायाम. सेन्ना स्पेक्टाबिलिस हे पिवळ्या फुलांचं झाड कापलं की जोमाने फुटतं, म्हणून मुदुमलाई आणि वायनाडकडे बुंध्याची साल सोलून त्याला उभ्या-उभ्या वाळवण्याचे प्रयोग झाले आहेत. जपानी नॉटवीड या झुडपाचा तर जमिनीखालचा खोडाचा पेराएवढा तुकडा राहिला तरी नवं रोप उभं राहतं; तिथे खणणं हीच चूक ठरू शकते. वीसेक झाडं खणून, कापून, उलटी टाकून, काही तशीच सोडून पाहा. दर आठवड्याला चक्कर मारा. ही चाचणी प्रबंधात एक परिच्छेदही घेणार नाही, पण पुढची दोन वर्षं तिच्यावर उभी असतात.

आता प्लॉट. इथे मी रेंगाळणार आहे, कारण प्रबंध इथेच बुडतात.

माझी अंतिम मांडणी अशी होती : सहा ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी दहा बाय दहा मीटरचे चार प्लॉट, म्हणजे एकूण चोवीस. चारांपैकी एकाला हात लावायचा नाही. दुसऱ्यात नुसतं कापायचं, कारण प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी तेच केलं जातं. तिसऱ्यात मूळ खाली तोडायचं. चौथ्यात मूळ तोडायचं, त्याच परिसरातल्या गवतांचं बी टाकायचं आणि दर दोन महिन्यांनी घाणेरीची नवी रोपटी उपटायची. कुठल्या प्लॉटला कोणती वागणूक मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं. चिठ्ठ्याच टाका. आपल्याला वाटतं आपण निःपक्षपाती आहोत, पण थकल्यावर पाय वाटेजवळच्या प्लॉटकडे वळतात आणि अवघड कामं सोप्या जागी होतात.

प्रत्येक प्लॉटमध्ये एक मीटर चौरसाचे पाच क्वाड्रॅट, म्हणजे मोजणीच्या चौकटी, होते. आता सांगा, माझे नमुने किती? मी पहिल्या मसुद्यात अभिमानाने 'एकशे वीस' लिहिलं होतं. उत्तर आहे सहा, कारण प्रत्येक वागणूक सहाच ठिकाणी झाली. एकाच प्लॉटमधले पाच क्वाड्रॅट ही एकाच घरातली पाच भावंडं; त्यांना पाच वेगळी घरं म्हणून मोजता येत नाही. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली या चुकीला 'स्यूडोरेप्लिकेशन' म्हणजे आभासी पुनरावृत्ती असं नाव दिलं आणि कितीतरी क्षेत्रप्रयोगांतली ही चूक उघडी केली. तरीही ती आजही होते, कारण एक मोठा तुकडा साफ करून त्यात पन्नास क्वाड्रॅट टाकणं सोयीचं असतं. तसं केलंत तर तुमचा प्रयोग एकदाच झालेला आहे, पन्नासदा नव्हे. हातात वेळ कमी असेल तर क्वाड्रॅट कमी करा, वागणुकीचे प्रकार कमी करा, पण ठिकाणं कमी करू नका.

काढण्यापूर्वीची नोंद हवीच. शक्य असेल तर एक पूर्ण हंगाम आधीची. घाणेरी जिथे दाट असते तिथे ऊन, ओलावा, वाट, जुनी तोड असं काहीतरी आधीच वेगळं असतं. आधीची नोंद नसेल, तर नंतर दिसलेला फरक तुमच्या कुदळीने केला की तो पहिल्यापासूनच होता, हे कसं सांगणार? आधी आणि नंतर, केलेलं आणि न केलेलं, अशा चारही कोपऱ्यांची नोंद असेल तरच बोलता येतं. शिवाय जवळपासचा, घाणेरी कधी न शिरलेला एखादा तुकडाही मोजून ठेवा. आपण जंगल कुठे परत नेऊ पाहतोय त्याचा तो नकाशा असतो. माझ्याकडे असे दोनच तुकडे होते, कारण तिसरा सापडलाच नाही. ही गोष्टही प्रबंधात लिहिली.

प्रत्येक प्लॉटभोवती पाच मीटरची कड सोडा आणि तिलाही तीच वागणूक द्या, नाहीतर शेजारची जाळी आत वाकते. आणि पक्षी बसायची झाडं नकाशावर टिपा. घाणेरीची काळी फळं बुलबुल, साळुंक्या खातात आणि फांदीवर बसून बी खाली टाकतात. माझ्या एका प्लॉटमध्ये रोपटी थांबेचनात. पद्धत फसली असं वाटत होतं. मग लक्षात आलं की प्लॉटच्या मधोमध एक आडव्या फांद्यांचं झाड आहे आणि रोपट्यांचा घोळका बरोबर त्याच्या सावलीएवढा आहे.

खुणांबद्दल दोन वाक्यं, कारण यात माझा एक महिना गेला. रंगीत फिती वानरं ओढतात आणि उन्हात त्या पांढऱ्या पडतात; बांबूचे खुंटे वाळवी खाते; झाडांखाली मोबाइलचा जीपीएस पाच-दहा मीटर सहज चुकतो, म्हणजे तुम्ही शेजारच्या प्लॉटमध्ये उभे असू शकता. लोखंडी सळई खोल ठोका, त्यावर अंक कोरलेला ॲल्युमिनियमचा बिल्ला बांधा आणि जवळच्या दोन मोठ्या झाडांपासूनचं अंतर आणि दिशा वहीत लिहा.

परवानगी लेखी घ्या, जंगल ज्यांच्या ताब्यात असेल त्यांची; 'करा हो, काही हरकत नाही' हे वाक्य अधिकारी बदलला की विरून जातं. पण परवानगीचा कागद पुरत नाही हे मी फार महागात शिकले. दुसऱ्या वर्षी नोंदी घ्यायला गेले तर तीन ठिकाणचे न हात लावलेले प्लॉट लख्ख साफ. विचारलं तर कामावरच्या लोकांनी कौतुकाने सांगितलं, "ताई, तुमचं तेवढं राहिलं होतं, आम्ही करून टाकलं." त्यांचं काय चुकलं? त्यांना सगळ्यांनी घाणेरी वाईट असंच सांगितलेलं. कोणीतरी मुद्दाम घाणेरी राखून ठेवतंय ही कल्पना कोणाला सुचणार? चूक माझी होती. मी अधिकाऱ्यांशी बोलले होते, कुदळ धरणाऱ्यांशी नाही. सहापैकी तीन ठिकाणी तुलनेचा आधारच गेला. त्या तीन ठिकाणांची आधीची नोंद होती म्हणून निभावलं, पण विश्लेषणाचा तो भाग कायमचा लंगडा राहिला. त्यानंतर प्रत्येक न हात लावलेल्या प्लॉटवर पाटी लावली, 'ही घाणेरी अभ्यासासाठी ठेवली आहे, काढू नका', आणि दर महिन्याला कामावरच्या सगळ्यांना तिथे नेऊन काय मोजतोय ते दाखवलं. तेव्हापासून मामाच मला सांगायला लागले की कुठल्या प्लॉटला यंदा फळ लवकर धरलंय.

काढणीची वेळ वनस्पतीवरून ठरवा, सेमिस्टरवरून नको. फळं पिकायच्या आधी, जमीन थोडी ओली असताना, हे घाणेरीसाठी बरं. फळं धरलेली झुडपं ओढत नेलीत तर वाटभर बी पेरत जाल. ती तिथल्या तिथे उलटी टाका. जाळीला हात लावण्यापूर्वी आत घरटं आहे का पाहा. आक्रमक असली तरी तिच्यात कोणीतरी राहत असतं. एकदा आम्ही एक अख्खं ठिकाण तीन आठवडे पुढे ढकललं. हातमोजे घाला, लांब बाह्या घाला. काट्यांचे ओरखडे परवडतात, पण दाट जाळीत आडवं झालेलं मोठं जनावर परवडत नाही, म्हणून आधी काठी आपटून आवाज करायचा आणि थांबायचं.

आणि घड्याळ लावा. प्रत्येक प्लॉटला किती माणसं, किती मिनिटं, किती विश्रांती, हे त्याच दिवशी लिहा. ही नोंद मी कंटाळून सुरू केली, मॅडम मागे लागल्या म्हणून. नंतर जंगल सांभाळणाऱ्या लोकांनी माझ्या प्रबंधातून दुसरं काही विचारलं नाही, हेच विचारलं. शिवाय पाठपुराव्याचे तास वेगळे ठेवा. काढायला लागणारे तास एकदाच लागतात, रोपटी उपटायचे तास दर दोन महिन्यांनी. बेरीज केल्यावर कोणती पद्धत स्वस्त हे चित्र पालटू शकतं.

आच्छादन डोळ्यांच्या अंदाजाने मोजणार असाल तर मोजणारा माणूस बदलू नका. मी चाळीस टक्के म्हणायचे तिथे मैत्रीण साठ म्हणायची, आणि दोघी प्रामाणिक होतो. निदान पहिल्या दिवशी दोघींनी वीस क्वाड्रॅट एकत्र मोजून फरक किती येतो ते पाहावं. रोपटी मात्र मोजायचीच, अंदाज नाही. पण मोजण्याआधी ओळखायला हवीत. दोन पानांवर असलेलं रोप कोणाचं हे पुस्तकात सहसा नसतं. मी परिसरातल्या पन्नासेक जातींचं बी ट्रेमध्ये लावलं आणि दर चार दिवसांनी फोटो काढून स्वतःची चोपडी तयार केली. घाणेरीचं रोपटं चुरगाळलं की वासानेच कळतं, तेवढी तिने आपली सोय केली आहे.

मातीतला बीजसाठाही तपासा, काम फार नाही. प्रत्येक प्लॉटमधून पाच सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती दहा ठिकाणांहून घ्या, एकत्र करा, निर्जंतुक वाळूवर पातळ पसरा, पाणी घाला आणि उगवेल ते मोजून काढत जा. शेजारी नुसत्या वाळूचा एक ट्रे ठेवा, म्हणजे वाऱ्याने आलेलं बी कुठलं ते कळेल. एक सावधगिरी : घाणेरीचं बी हळू आणि कमी उगवतं. ट्रेमध्ये उगवलं नाही म्हणजे मातीत नाही, असं लिहू नका. या ट्रेमधून मला पहिल्यांदा 'मग?'चं उत्तर दिसलं. घाणेरीखालच्या मातीतून देशी झाडं जवळजवळ आलीच नाहीत. आली ती गवतं आणि रानमोडी, म्हणजे दुसरं एक आक्रमक झुडूप. म्हणजे घाणेरी काढून मी गेले असते तर रानमोडीसाठी जागा झाडून दिली असती. एक आक्रमक काढल्यावर दुसरा येऊन बसतो, याला दुय्यम आक्रमण म्हणतात. वाचताना तो शब्द होता, ट्रेमध्ये ती हिरवी रांग होती. चौथ्या वागणुकीत गवताचं बी टाकायचं ठरलं ते यातून.

तणनाशकांबद्दल थोडक्यात. कापलेल्या खुंटाला ताबडतोब, काप ताजा असताना लावलं तर ते मुळापर्यंत पोचतं; उशीर झाला की काप बंद होतो. ग्लायफोसेट निवडक नाही, हिरवं दिसेल त्याला मारतं, तेव्हा जंगलात फवारणीचा विचारच करू नका. परवानगी, प्रशिक्षण आणि जवळच्या पाण्याचा विचार या तिन्ही गोष्टी जमत नसतील तर ही वागणूक आराखड्यातून काढून टाका. मी टाकली.

आणि घाणेरी खाणारे कीटक जंगलात सोडून तिचं नियंत्रण? दर वर्षी कोणीतरी उत्साहाने विचारतं. गोष्टी मोहक आहेत खऱ्या. १७९५ साली लाल रंग देणारा कोचिनील किडा समजून भारतात भलताच किडा आणला गेला आणि त्याने एका जातीचं निवडुंग फस्त केलं. ऑस्ट्रेलियात निवडुंगाने कोट्यवधी एकर जमीन गिळली होती. १९२५ मध्ये अर्जेंटिनाहून आणलेल्या कॅक्टोब्लास्टिस पतंगाच्या अळ्यांनी काही वर्षांत ती मोकळी केली, आणि क्वीन्सलंडमधल्या बूनार्गा गावात त्या पतंगाच्या नावाने सभागृह उभं राहिलं. पण तोच पतंग पुढे १९८९ मध्ये फ्लोरिडात सापडला, जिथे निवडुंग मूळचं आहे आणि त्याला आता याच पतंगाचा धोका आहे. घाणेरीवर तर १९०२ मध्ये हवाईत मेक्सिकोहून किडे आणल्यापासून कितीतरी देशांत कितीतरी किडे सोडून झाले, यश तुकड्यातुकड्यांतच आलं. घाणेरी ही मुळात बागांमधल्या अनेक संकरांची खिचडी, एका वाणाला खाणारा किडा दुसऱ्याला बऱ्याचदा तोंड लावत नाही. नवा कीटक सोडण्याआधीच्या चाचण्यांना वर्षानुवर्षं लागतात. दोन-तीन वर्षांच्या प्रबंधात आधीच असलेल्या किड्यांनी किती पानं खाल्ली हे मोजता येईल, तेवढंच घ्या.

विश्लेषण कसं करणार हे काढणीच्या आधी एका पानावर लिहून मॅडम-सरांची सही घ्या. नंतर आकडे समोर आले की मन हव्या त्या चाचणीकडे धावतं. रोपट्यांच्या संख्येत शून्यं खूप येतात, साधी सरासरी तिथे फसवते; ठिकाण आणि प्लॉट यांच्यातला आपसातला फरक हिशोबात धरणारं मिश्र प्रारूप 'आर' या संगणकीय संख्याशास्त्राच्या साधनात बसवता येतं, आणि संख्याशास्त्राच्या माणसाला पहिल्या वर्षी भेटलात तर तो मदत करतो, शेवटच्या महिन्यात भेटलात तर फक्त हळहळतो. फरक दिसला नाही तर तेही निष्कर्षात लिहा. माझ्या नुसत्या कापलेल्या प्लॉटमध्ये दोन पावसाळ्यांनी घाणेरी आधीइतकीच झाली होती. ते प्रकरण सर्वांत छोटं आहे आणि सर्वांत जास्त वाचलं गेलं.

प्रबंध दिल्यावर काय करायचं हे कोणी सांगत नाही. सळया उपटू नका. प्लॉटचा नकाशा, बिल्ल्यांचे अंक, झाडांपासूनची अंतरं आणि कच्च्या नोंदी तीन जागी ठेवा : विभागात, जंगल सांभाळणाऱ्यांकडे आणि स्वतःजवळ. मागच्या पावसाळ्यात एक नवी विद्यार्थिनी माझी वही घेऊन त्या सहाही ठिकाणी गेली. चोवीसपैकी एकवीस बिल्ले तिला सापडले आहेत. उरलेले तीन ती मामांना घेऊन शोधते आहे.